तळहात दिसेना

त्या वर्षी तलाव नासला तो माझ्यामुळे. पंचनाम्यात मात्र दुसऱ्याचं नाव आहे, आणि तेही माझ्याच अक्षरात.

ज्यांचं नाव मी लिहिलं, त्यांना गावात सगळे मामा म्हणत. रोज सकाळी मामा तलावाच्या काठाशी उकिडवे बसायचे, बाही वर सारून उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचे आणि पाण्याखालचा आपला तळहात पाहत राहायचे. तळहातावरच्या रेषाही दिसल्या तर म्हणायचे, "उपाशी आहे पानी." जरा धूसर दिसला की खूश, कारण पाण्यात माशांचं खाणं तयार झालेलं असे. "जेवलं." आणि हात कोपरापर्यंत जायच्या आतच तळहात दिसेनासा झाला, तर त्या दिवशी ते कुणाशी फारसे बोलत नसत.

भिवापूर ओळखलं जातं ते मिरचीमुळे. पण तुम्ही त्याच्या पुढे धानाच्या पट्ट्यात गेला असाल, तर तिकडचे तलाव तुम्हीही पाहिले असतील. एका बाजूला मातीची पाळ, वरच्या अंगाला धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली खाचरं, आणि त्या बांध्यांचं पाणी एकीतून दुसरीत उतरत शेवटी तलावात येतं. असाच एक तलाव मामा ग्रामपंचायतीकडून ठेक्यानं घेत. ते ढिवर, पिढीजात मासेमारी करणारे. खाली मासे, वर शिंगाड्याचे वेल. लाकूड कोरून केलेल्या डोंग्यात बसून मामा आणि मामी शिंगाडे तोडत, आणि तोडता तोडता भांडत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा ग्रामसेवक होतो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पंचायतीचं दप्तर माझ्याकडे, आणि नव्या शेतीचा प्रचारही माझ्याचकडे. पहिल्याच भेटीत मामांनी मलाही हात बुडवायला लावला होता.

"पहिले घड्याळ काढा साहेब," ते म्हणाले, "नाहीतर पान्याले टाइम समजन, मंग ते ऑफिसवानी उशिरा येईन."

मी हात बुडवला. मला फक्त गार लागलं. मामा म्हणाले, "तुमाले हात दिसून राहिला. मले वरची बांधी दिसून राहिली. काल कोनीतरी खत फेकलं तिच्यात."

मी चौकशी केली. खरोखरच आदल्या दिवशी वरच्या बांधीत युरिया पडला होता.

या माणसाचा मला थोडा राग येई, हे कबूल करतो. मी पुस्तकातून शिकलो होतो ते तो काठावर बसून सांगायचा. भर बाजारात मला अडवून म्हणायचा, "साहेब, एक इचारू का? तुमचं खत धानाले द्याचं आहे का माशाले?" लोक हसत. मीही हसल्यासारखं करी. मामांचं म्हणणं एवढंच असे की धानाला थोडं थोडं, तीनदा द्या. आधी बांधीतलं पाणी काढा, मग खत द्या, मग पुन्हा पाणी घ्या. म्हणजे खत मुळाशी राहतं, वाहून खाली येत नाही. "लेकराले एकदम चार भाकरी देता का?" ते विचारत.

यातलं सगळं मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. वर आणखी एक गोष्ट शिकवली होती, की युरिया ओल्या मातीत आणि निंबोळीच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, मिसळून एक दिवस मुरवावा, तो हळूहळू लागू पडतो. हे माझ्या वहीत होतं. वही कपाटात होती.

त्या श्रावणात रोवणी आटोपून काही दिवस झाले होते आणि जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. त्याआधी गोदामातली पोती शेतात गेलेली दिसली पाहिजेत, असा वरून निरोप आला. तीन हप्ते करायला वेळ नव्हता. मी तलावाच्या वरच्या अंगाच्या सगळ्या शेतकऱ्यांना सांगितलं, पूर्ण खत एकदमच टाका.

मामा पंचायतीत आले. धोतराला चिखल, म्हणून आत न येता दारातूनच बोलले.

"दोन दिवस थांबा साहेब. आभाळ लई दाटून राहिलं. बांध्या काठोकाठ भरल्या आहे, यात खत टाकलं तं सारं माह्याकडंच येईन."

मी कागदावरून मान वर न करता म्हणालो, "मामा, तुम्ही मासे पाहा. धान मी पाहतो."

"बरं जी," ते म्हणाले आणि गेले.

त्याच संध्याकाळी पाऊस सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. बांध्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, वाहिल्या. मी छत्री घेऊन पाळेवर गेलो होतो. वरून येणारं पाणी सरळ तलावात शिरत होतं. मी काही वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

दौरा छान झाला. धान काळंभोर हिरवं दिसत होतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पुढे तेच धान माजलं, लोळलं आणि किडीनं धरलं, पण तोवर दौऱ्याचा अहवाल गेला होता.

दहाबारा दिवसांनी मामा मला तलावावर घेऊन गेले. पाणी रंग कालवल्यासारखं हिरवं झालं होतं. त्यांनी हात घातला. मनगट बुडायच्या आत तळहात नाहीसा झाला.

"तळहात दिसेना, साहेब. असं मी जन्मात नाही पाहिलं. काहून झालं असन? त्या खतानं तं नाही ना?"

ते खरंच विचारत होते. मला खरंच माहीत होतं. मी म्हणालो, "पावसाळ्यात होतं असं कधी कधी."

त्यानंतर चारपाच दिवस आभाळ गच्च, वारा नाही. अशा वेळी खतावर पोसलेलं ते हिरवं शेवाळच पाण्यातली हवा संपवतं. एका सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसले. दुपारपर्यंत तलाव पांढरा झाला होता. पोटं वर करून पडलेल्या माशांनी पांढरा. मामा आणि मामी डोंग्यातून टोपल्यांनी मेलेले मासे काढत होते आणि भांडत नव्हते. शिंगाड्याचे वेलही सडले. जनावरं तलावाच्या पाण्याला तोंड लावेनात.

शाळेच्या ओसरीत सभा भरली. कुणी म्हणालं, मामांनी मासे लवकर फुगवायला जवसाची ढेप भरमसाट टाकली. कुणी याहूनही वाईट बोललं. मामा म्हणाले, "ढेप टाकली. दोन टोपले. दरसाल टाकतो."

सरपंच माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी शिकलेले. ढेपेनं पानी नासते का?"

एवढाच प्रश्न होता. मी म्हणालो, "ढेप जास्त झाली तर नासू शकतं."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला अजून सोडत नाही.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. ते विचारात पडल्यासारखे दिसले. मग हळूच म्हणाले, "साहेब म्हनते तं असन. हातून जास्त पडली असन." मी पंचनामा लिहिला. त्यांनी खाली अंगठा उठवला. पुढच्या वर्षी तलाव दुसऱ्याला गेला आणि दोघं नागपूरला निघून गेले.

काही वर्षांनी मीही बदलून नागपूरला आलो, टेबलाच्या कामावर. एका दिवाळीच्या सुमारास इतवारीत रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेले मामा दिसले. मी वळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली.

"साहेब, घ्या ना. गोड आहे. आपले नाही, ठोक बाजारातले आहे, पन गोड आहे."

मी विचारलं, "पुन्हा तलाव का नाही घेतला?"

"नाही जी. पान्यात हात घालाची हिंमत नाही होत. एक तलाव माह्याच हातानं मेला ना."

मी दोन किलो शिंगाडे घेऊन घरी आलो. पुढे दर मोसमात घेत राहिलो. बायको म्हणे, "आपल्या घरात रोज एकादशी असते का?" दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि पिशवी भरून परतायचो.

एकदा मी तिथं उभा असताना खापा भागातला एक मासेवाला मामांना शोधत आला. त्याच्या तळ्याचं पाणी हिरवं पडू लागलं होतं. "तुमी पानी वाचता म्हनते, मामा," तो म्हणाला. "एकदा येऊन पाहा ना गा." मामांनी मान खाली घातली. "मले त्यातलं काही समजत नाही बाप्पा. दुसऱ्याले इचार." तो बिचारा गेला. मी शिंगाड्यांची पिशवी धरून उभा होतो. तलाव मी एकदाच नासवला होता. या माणसाच्या डोळ्यातलं ज्ञान मात्र मी दर मोसमात, गप्प राहून, पुन्हा नासवत होतो.

मग एका वर्षी त्या जागी मामी एकट्या दिसल्या.

"गेले," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात. तापाचं निमित्त."

मी तिथंच फुटपाथवर बसलो आणि सगळं सांगितलं. खत, दौरा, पाऊस, पंचनामा. मामी शिंगाडे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मरेपर्यंत मोजत होते," त्या म्हणाल्या. "म्हने, दोनच टोपले टाकली ना वं? का तीन टाकली? मी म्हनो, दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन हे मले काहून सांगता साहेब? पंचनामा काय माह्या घरात लिवला होता?"

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एसटीनं गावी गेलो. नवीन सरपंचांना मी आधी निरोप धाडला होता. शाळेच्या त्याच ओसरीत वीसपंचवीस माणसं जमली. मामी भिंतीशी बसल्या. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "साहेब, जुनं काहून उकरता? नोकरी जाईन तुमची." कुणीतरी हसलं.

जुने सरपंच आता काठी घेऊन चालत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "म्हंजे ढेपेनं नाही नासला तलाव?"

"नाही," मी म्हणालो. "वरच्या बांध्यांतल्या युरियानं नासला. तो एकदम टाकायला मी लावला. मामांनी दोन दिवस थांबा म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. पंचनामा लिहिताना मला हे ठाऊक होतं. त्यांनी ढेप दोनच टोपले टाकली होती, मामी. त्यांची मोजणी बरोबर होती, पाण्याबद्दलही त्यांचंच बरोबर होतं. त्यांच्यासमोर बोलायला मी उशीर केला. तुमच्यासमोर आणि या गावासमोर मी त्यांची माफी मागतो."