मेंढी हिंदी बोलत न्हाय

पडद्यावर मेंढीनं तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. इंदापूरच्या एका टॉकीजमध्ये मी ऑपरेटर होतो, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा. सकाळचा शाळांचा शो होता. लासुर्ण्याकडची पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून आली होती, आणि त्यांना सांभाळायला म्हणून घरची म्हातारी माणसंही. सिनेमा कार्टूनचा, हिंदीत डब केलेला. त्यातला सगळ्यात मोठा सीन नेमका चालू होता. पुरामुळं कोकराची आणि त्याच्या आईची ताटातूट झालेली. कोकरू पलीकडच्या काठावर, दाट धुक्यात. आई अलीकडून हाका मारते आणि त्या हाकेच्या अंदाजानं ते दगडादगडांवरून उड्या मारत येतं. आता हाकच गेली म्हटल्यावर सीनमध्ये राहिलं काय?

मॅनेजर मानेसाहेब जिना चढून धापा टाकत केबिनमध्ये आले.

"काय झालं रे?"

"साहेब, एक्सायटर गेला."

फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यातून एका छोट्या बल्बचा उजेड जातो आणि त्याचा पुढं आवाज होतो. तो बल्ब म्हणजे एक्सायटर. तो गेला की चित्र चालू राहतं, पण मुकं.

"मग फिल्म थांबव."

"थांबवली तर पोरं उठतील. एकदा उठली की पुन्हा बसायची न्हाईत. चित्र चालू राहू द्या, मी बघतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्याला कारण होतं. कार्टून म्हणजे पोरखेळ, त्याला शाळा कशाला न्यायची, असं प्रत्येक हेडमास्तर म्हणत होता. एकट्या लासुर्ण्याच्या हेडबाई, निंबाळकरबाई, तयार झाल्या होत्या. "आधी मी बघते, चांगला असला तर बाकीच्या शाळांना सांगते," असं म्हणून त्या आज स्वतः येऊन बसल्या होत्या. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर सिनेमा दुसऱ्या दिवशी उतरवावा लागला असता.

खोक्यातला स्पेअर बल्ब काढला आणि कानाशी हलवला. आत तार खुळखुळली. तोही गेलेला. मग दुसरं मशीन आठवलं. सिनेमा रिळांमध्ये येतो. एक रीळ संपलं की पुढचं दुसऱ्या मशीनवर सुरू करायचं, म्हणून मशीनं दोन असतात. दुसऱ्याचा बल्ब शाबूत होता. तो फडक्यात धरून काढायला लागलो.

तेवढ्यात खालून आवाज आला, "टर्रर्रर्र! हैऽऽक! ये, ये, ये!"

मी केबिनच्या झरोक्यातून पाहिलं. पुढच्या रांगेत मुंडासं बांधलेले एक आजोबा उभे राहून पडद्याकडं बघत कोकराला बोलवत होते. बिरूतात्या, लासुर्ण्याचे. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, आता त्यांची मुलं ऊस लावायची. त्यांच्या शेजारची नात म्हणाली, "आबा, त्येला आईच पायजे." आणि तिनंच आईच्या वतीनं लांबलचक "बेंऽऽऽ" केलं.

मग काय! अर्धा हॉल मेंढी झाला, अर्धा कोकरू. "बेंऽऽऽ" इकडून, "मेंऽऽ" तिकडून. नेमकं त्याच वेळी पडद्यावर कोकरानं कान टवकारले आणि पहिल्या दगडावर उडी घेतली. हॉल नुसता दणाणला.

"बाई चिडतील रे," साहेब पुटपुटले आणि झरोक्याला डोळा लावला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अरे, बाईच ओरडायला लागल्यात!"

मी बल्ब बसवला. तो केसभर इकडंतिकडं झाला तरी नुसती घरघर येते, म्हणून जरा वेळ लागला. शेवटी आवाज आला. खणखणीत. पडद्यावरची मेंढी म्हणाली, "आओ बेटा, डरो मत!"

पोरं मागं वळून झरोक्याकडं बघायला लागली. मग तात्यांचा आवाज.

"आरं, ही कोण बोलतीय? मेंढी हिंदी बोलत न्हाय! गप करा तिला!"

"आवाज बंद कराऽऽ!" पोरं एका सुरात ओरडायला लागली.

एवढी खटपट करून आणलेला आवाज बंद करायचा? मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी हातानंच खूण केली, खाली घे. मी घेतला. कोकरू उरलेले दगड हॉलच्या आवाजावर पार करून आईला भेटलं, तेव्हा कुणी रडत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. पुढचा सिनेमा एकाच मशीनवर, रिळागणिक थांबत दाखवला. पण उठलं कुणी नाही. नवा बल्ब दुपारी बारामतीहून आला.

बाईंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून शाळा यायला लागल्या, आणि पोरं दारातच विचारायची, "बेंबें करायचं ते ह्योच का सिनेमा?" त्या सीनला मी रोज आवाज शून्यावर नेत होतो.

सिनेमाचा मुक्काम आठवडाभरानं वाढला, तसा डिस्ट्रिब्यूटरचा माणूस पुण्याहून आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. "आमच्या प्रिंटचा साउंड कट करता म्हणे? कुणाला विचारून?"

साहेब समजावायला लागले. पोरं, हिंदी, मेंढी. तो जास्तच तापला. शेवटी मी त्याला चालू शोमध्ये नेऊन मागच्या दाराशी उभं केलं.

सीन संपल्यावर तो वर केबिनमध्ये आला. घसा बसलेला होता.

"चालू द्या," एवढंच म्हणाला आणि पाणी मागितलं.

या धंद्यात मी एक शिकलो. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ऑफिसात बसवून समजावू नये. आधी हॉलमध्ये उभं करावं.