थकलेले सेल

"मेला नाई सर, थकला हाय." टॉर्चचा जुना सेल अंगठ्यानं दाबून बघत आमच्या शाळेचा शिपाई हेच म्हणायचा. राजापेठेत कुणाचा सेल संपला की कचऱ्यात जायच्या आत तो याच्या खिशात जायचा. मग शाळेच्या टिनाच्या छपरावर सेलांचं वाळवण पडायचं. "उन्हात ठेवला का उठते," हा त्याचा सिद्धान्त. आम्ही मास्तर मंडळी हसायचो. तुम्हीही हसला असता.

पण सेल खरंच उठायचे, थोडेसे. असे सहा अर्धमेले सेल तो बांबूच्या फाकेत एकापुढे एक बसवायचा आणि टोकाला टॉर्चचा इवलासा बल्ब लावायचा. त्या उजेडात त्याची बायको सातवीच्या परीक्षेचा अभ्यास करायची. चिमणीच्या धुरानं तिचे डोळे चुरचुरायचे, आणि पास झाली तर तिला मास्तरीण होता येणार होतं. त्याला स्वतःला सहीसुद्धा येत नव्हती. धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून घरात एक तरी जण शिकलाच पाहिजे, हे त्यानं मनाशी धरलं होतं. "माह्यं डोस्कं नाई चालत. तिचं चालते," एवढंच सांगायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मला दयेचा उमाळा आला. सहा कोरे सेल घेऊन मी त्याच्या घरी गेलो. मास्तरच मी! त्याला हात लावू न देता जुने काढले, नवे बसवले. बल्ब लख्ख झाला आणि गेला. घरात बल्ब तो एकच होता. सहा थकलेल्यांचा मिळून जेवढा जोर, तेवढाच त्याला सोसायचा, हे विज्ञान शिकवणाऱ्या मला सुचलं नव्हतं. दारातून येणाऱ्या अंधूक उजेडात त्याची बायको ओळीवर बोट ठेवून तशीच बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं शांतपणे माझा टॉर्च मागितला, त्यातला बल्ब काढला आणि आपल्या जुन्या सेलांना लावला. "तुमी पोराइले शिकवा सर, सेलाइले नका शिकवू." ती खुदकन हसली आणि पुढची ओळ वाचू लागली. मी ठेचकाळत घरी आलो, पण खुशीत.

ती पास झाली. भातकुलीकडच्या एका गावात तिला शाळा मिळाली. हा नोकरी सोडून तिच्यामागे निघाला. आम्ही समजावलं, पण ऐकतो कुठला! तो गेल्यावर मला शाळेत करमेना.

वर्षभरानं मुद्दाम त्या गावी गेलो. मुलं घरी गेली होती आणि वर्गात मोठी माणसं बसली होती. शेवटच्या रांगेत मांडीवर पाटी घेऊन हा. मी दारातून हाक मारली. त्यानं मानही वळवली नाही, नुसता हात वर केला.

"थांबा सर. बाई शिकवून रायल्या."