आबा तांडेलांचा प्रश्न

शाळेत चार वेळा नापास होऊन निर्लज्जपणे हसणारी आमच्या वाडीतली पोरं आबा तांडेलांच्या परीक्षेला मात्र चळचळा कापत. नारळी पौर्णिमा झाली की आबा आपल्या मचव्यावर खलाशी घेत. खांदे, दंड काही बघत नसत. आलेल्या पोराला अंगणात उभं करून एकच विचारत, "वारो जोराचो आसा. एक गडी पाण्यात पडलो. शिडाची दोरी सोडलंस तर मचवो थांबतलो, पण शीड फाटतला. काय करतलंस?"

मग त्याला माशाची कढी नि भात वाढायचे आणि हात धुताना पुन्हा तोच प्रश्न. "भुक्या माणसाचा उत्तर एक, जेवल्याचा दुसरा. दोनी सारखी व्हयी," हे त्यांचं शास्त्र. उत्तर बदललेला गडी ढेकर देत घरी जाई. "माका म्हायत नाय" म्हणणाऱ्याला तर जेवणही मिळत नसे. आम्हा शेजाऱ्यांची फुकटात करमणूक होई.

पुढे पुढे आया पोरांकडून पाढ्यांसारखं उत्तर पाठ करून घेऊ लागल्या. मी एकदा म्हटलंच, "आबा, सगळे घोकून येतात." ते हसले. "येवंदेत. घोकलेला वेळेक आठवता."

एका वर्षी वसंता आला. उभ्यानेही आणि जेवूनही त्याने ठणकावून सांगितलं, "शीड फाटांदे, माणूस वाचाक व्हयो." आबा इतके खूश झाले, की आपल्या एकुलत्या एका झिलाला, दिनूलाही त्याच मोसमात त्यांनी मचव्यावर घेतलं. इतका विश्वास बसला त्या उत्तरावर.

विजयदुर्गाच्या अलीकडे दिनू पाण्यात पडला. दोरी वसंताच्याच हातात होती. आबा सुकाणूवरून ओरडत राहिले, पण वसंताची मूठ सुटेना. इतरांनी ती बोट बोट उकलली, तोवर मागे नुसतं पाणी होतं. दिनू सापडलाच नाही. शीड धड राहिलं.

तेरावं झाल्यावर वसंता आपणहून आला आणि अंगणात मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, आबा आता त्याला जिवंत सोडत नाहीत. खरं सांगायचं तर सोडू नये असंच मला वाटत होतं.

आबांनी विचारलं, "तेव्हा माका खोटा सांगलंस?"

"नाय आबा. तेव्हा खराच वाटलेला."

आबा हळू आवाजात म्हणाले, "मी तरी सुकाणू खंय सोडलंय? माका कोणी विचारल्यान असता, तर 'झिलासाठी उडी मारतलंय' असाच मी सांगलं असतंय."