तळमजल्यावरची पंगत

डबीच्या झाकणावर बोटानं टकटक करायची, काचेजवळ वाकायचं आणि विचारायचं, "काय रे, जेवलात का?" आमच्या तळमजल्यावरचे काका असं विचारल्याशिवाय माशांना दाणा टाकत नसत.

प्रश्न जुनाच होता. काका खोपटच्या बसडेपोत कंट्रोलर होते. गाडी काढण्याआधी ते प्रत्येक ड्रायव्हरला हेच विचारायचे. तो ‘नाही’ म्हणाला की गाडी थांबलीच. "उपाशी माणसाच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही." प्रवासी बोंबलायचे, साहेब चिडायचे, काका ढिम्म. निवृत्तीनंतर वर्तकनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत काचेची टाकी आली आणि हा प्रश्न गोल्डफिशच्या वाट्याला गेला.

पण विचारपूस कितीही असली तरी लाड नव्हते. "मासा उपासानं मरत नाही गं, माणसाच्या मायेनं मरतो," असं मला बजावायचे. दाणे चिमूटभर, लगेच फस्त होतील एवढेच. नळाचं पाणी थेट टाकीत नाही; आधी बादलीत दिवसभर ठेवायचं, औषधाचा वास उडाला की मग. तेही थोडंथोडंच बदलायचं. एकदा गणपतीत माझ्या आत्यानं मोठ्या भक्तिभावानं माशांना मोदकाचं सारण घातलं. काकांनी बाप्पासमोरच तिची अशी हजेरी घेतली की आत्या अजून कुणाकडे टाकी दिसली तर हात मागे बांधून उभी राहते.

आणि असा माणूस विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग नावं, मग माशांना खायला घातलेलं. दाणे टाकून झाले की थोड्या वेळानं पुन्हा टकटक, पुन्हा "जेवलात का?" आणि मासे काय, ते कधी नको म्हणतात का! टाकीतलं पाणी पांढुरकं झालं, तळाशी दाणे कुजले. एका सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना कुणी उपाशी ठेवलं गं?" मला तिथं उभं राहवेना.

त्यांचा मुलगा डोंबिवलीहून आला. म्हणाला, "आई, टाकी देऊन टाकू या. नाहीतर सगळेच मरतील. निदान डबी तरी कुलपात ठेव."

"अरे, कुणाला तरी जेवू घालायचं, एवढंच आठवतंय त्यांना आता," काकू म्हणाल्या. "तेही कुलपात ठेवू?"

मग काकूंनी काय केलं बघा. सकाळी दिवसभराचे दाणे वाटीत काढून घ्यायच्या. डबीत एका वेळी दोनच दाणे. काकांनी ते टाकले आणि पाठ वळवली की गुपचूप पुन्हा दोन. जेवण तेवढंच, पंगत मात्र दिवसातून सतरा वेळा. हळूहळू पाणी निवळलं, उरलेले मासे तरतरीत झाले. काकांची चाहूल लागली की सगळे त्यांच्या खुर्चीकडच्या काचेशी गोळा व्हायचे, आणि काका खुशीत असायचे. काकूंचं बाहेर पडणं तेवढं बंद झालं. भाजी मी आणून द्यायचे.

मागच्या थंडीत काका गेले.

तेरावं झाल्यावर मी खाली गेले. पाणी नितळ होतं. काकूंनी चिमूटभर दाणे एकदम टाकले. माशांनी ते मटकावले आणि पुन्हा खुर्चीकडच्या काचेशी येऊन थांबले.

"बघ ना," काकू म्हणाल्या, "पोटं भरलीत मेल्यांची, तरी हलत नाहीत."

त्यांनी वाटीतले दोन दाणे डबीत टाकले आणि डबी माझ्या हातात दिली. मी झाकण उघडायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"असं नाही गं. आधी विचार त्यांना."