विसरतो काय ते पेशंटनं स्वतः सांगावं

गुरुवार, सकाळचे नऊ. छत्रपती संभाजीनगरातल्या एका मोठ्या दवाखान्याची ओपीडी. बाकावर माझे वडील अण्णा, शेजारी वहिनी, मी उभा. भावाची वाळूजच्या कंपनीत पहिली शिफ्ट. बातमीदारीत मी दंगली पाहिल्या, मंत्री पाहिले. पण घरातलं म्हातारं माणूस घरच्यांनाच विसरायला लागलं की जे किस्से साठतात, त्यांची सर कशालाच नाही. हसू येतं आणि डोकंही फिरतं.

अण्णा देवगाव रंगारीचे, निवृत्त मास्तर. हल्ली ते वहिनींना विचारतात, "बाई, तुम्ही कुणाच्या?" हा डिमेन्शिया आहे का आणि असला तर करायचं काय, एवढंच आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

*

आधी गल्लीतले डॉक्टर. वहिनी म्हणाल्या, हे मला ओळखत नाहीत. डॉक्टर हसले. "साठी बुद्धी नाठी, ताई."

मी म्हणालो, साठी होऊन पंचवीस वर्षं झाली, बुद्धी आत्ताच कशी नाठी झाली? यावर त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

*

मग कन्नडहून आत्या आली. तिचं निदान तयारच होतं: सून खायला नीट घालत नाही. तासभर तेच.

अण्णांनी बहिणीकडं बराच वेळ पाहिलं आणि वहिनींना म्हणाले, "ह्या बाईला चहा पाजा अन् वाटं लावा. लई बोलती."

त्या दिवसापुरतं अण्णांचं डोकं शाबूत आहे, असं वहिनींचं मत पडलं.

*

खाजगी स्पेशालिस्टनं परीक्षा घेतली. अण्णांची शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूत सुरू झालेली. आज वार कोणता? "जुमेरात." गुरुवारच होता, पण डॉक्टरला कळेना. चूक. गाव कोणतं? "औरंगाबाद." तेही चूक. मी म्हणालो, मग अर्धं शहर ॲडमिट करा.

शेवटी अण्णांनी पावकीचा जुना पाढा धडाधड म्हणून दाखवला. "मेमरी तर माझ्यापेक्षा भारी!" डॉक्टर खूश. नॉर्मल.

जिना उतरताना अण्णांनी मला विचारलं, "हे पाव्हणे आपल्याकडं कशाला आले होते?"

*

म्हणून तो ओपीडीतला गुरुवार. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, विसरतात.

"पेशंटला बोलू द्या. काय काय विसरता, बाबा?"

अण्णांनी नीट आठवून पाहिलं. "काहीच नाय."

"बघा," बाबू मला म्हणाला.

*

मी तिथंच भांडत राहिलो, वहिनी पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात वॉर्डबॉय "कदम कोण?" असं ओरडत आला. अण्णा कदम नाहीत. पण विसरलेलं झाकायला ते हल्ली कशालाही "व्हय" म्हणतात. तसेच म्हणाले आणि त्याच्यामागं गेले.

आम्ही सगळा मजला पालथा घातला. अण्णा सापडले तेव्हा त्यांच्या धडधाकट उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. प्लास्टर घालणाऱ्याला मी झापलं. तो म्हणाला, "दुखतंय का विचारलं की. व्हय म्हणले."

प्लास्टर कापणारा जेवायला गेलेला. मेंदूचे डॉक्टर फक्त गुरुवारी, तेही उठायच्या बेतात. त्यांनी विसरण्याची चाचणी म्हणून अण्णांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. पेन्सिल धरता येईना.

"हात सुटला की आणा."

ज्या कदमांचा हात खरोखरच मोडला होता, ते त्या दिवशी कुठं गेले, हे त्या दवाखान्यात मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.