इस्त्रीच्या टेबलापाशी

बावीस वर्षं बालवाडीत काढलेल्या बाई निवृत्तीनंतर घरी बसतील, हे त्यांच्या लेकालाही खरं वाटत नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी नवं काम धरलं: आठवड्यातून एकदा घरोघर जायचं आणि आईबापांना सांगायचं, की लेकराचे पहिले मास्तर तुम्हीच. बोलायला सोपं. पण पोर समोर दिसलं की बाईंचे हात शिवशिवायचे.

इस्त्रीवालीच्या घरी तेच झालं. खोली एकच, निम्मी टेबलाने अडवलेली, भिंतीला कपड्यांचे गठ्ठे. तिची मुलगी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. डॉक्टरांनी कान तपासले, कान ठणठणीत. "शेजारणी नाही नाही ते बोलतात हो," इस्त्रीवाली म्हणाली आणि डोळे पुसले. बाईंनी पोरीला मांडीवर ओढलं, पिशवीतून चेंडू काढला आणि सुरू झाल्या. चौथ्या बुधवारी पोरगी हात पसरून त्यांना म्हणाली, "दे." बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पाचव्या बुधवारी पोरगी पुन्हा मुकी.

"आठवडाभर काय बोललात तिच्याशी?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही," इस्त्रीवाली मान खाली घालून म्हणाली. "मी चौथी नापास. माझं ऐकून काही चुकीचं शिकली तर? तुमच्याशी बोलते ना, म्हणून बुधवारची वाट बघते."

म्हणजे सहा दिवस घरात अळीमिळी गुपचिळी. आणि हे केलं कुणी? बाईंनीच. परतताना रस्ताभर त्या स्वतःवर चरफडत होत्या. अगं शहाणे, आईला शिकवायला गेलीस आणि आईचीच जागा बळकावून बसलीस.

सहाव्या बुधवारी पिशवी घरीच ठेवली. गेल्या आणि स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसल्या. पोरगी येऊन त्यांना ओढू लागली. बाईंच्या अगदी जिवावर आलं, पण हलल्या नाहीत.

"आज तुम्ही बोला," त्या आईला म्हणाल्या.

"काय बोलू? मला ना गाणी येत, ना गोष्टी."

"हाताने जे करताय, तेच तोंडाने सांगा."

इस्त्रीवालीने लाजत पँट पसरली. "हा एक खिसा. हा दुसरा खिसा. बघ, कसा चुरगाळलाय मेल्याने." पोरगी टेबलाखालून बघत राहिली. बोलली काहीच नाही. "रोज असंच," बाई निघताना म्हणाल्या.

पुढचे तीन बुधवार कोरडेच गेले. बाईंनी स्टूल सोडलं नाही.

दहाव्या बुधवारी दारातच आवाज ऐकू आला. पोरगी टेबलाला धरून उभी होती आणि पँटकडे बोट दाखवून "खिसा, खिसा" म्हणत होती. "हो गं बाळ, खिसा. दुसरा कुठाय?" आई दर वेळी विचारत होती. बाईंनी सवयीने हात पसरले. पोरीने बघितलं आणि आईच्या पायांना जाऊन बिलगली.

"पुढच्या बुधवारी घाई असेल तर राहू द्या," इस्त्रीवाली इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. "आमचं आम्ही बघू."

बाईंना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. याचसाठी तर त्या येत होत्या, तरीही वाटलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि चपला घालायला वळल्या. पाठीमागे मायलेकींचं चालूच होतं, बाईंकडे बघायला कुणाला सवड नव्हती.