किल्लीबाईंची चारशे बारा पत्रं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्यावर प्रबंधांची खोली होती. तिची किल्ली ज्यांच्या कमरेला असायची, त्या सहायक बाईंना सगळे किल्लीबाईच म्हणत. मी वरच्या मजल्यावर नियतकालिकं सांभाळायचो. दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो, त्यामुळे पुढचं बहुतेक मी जवळून पाहिलेलं आहे.

खोलीत चौदा लोखंडी कपाटं होती, एक लांब टेबल होतं आणि भिंतीवर सूचना होती, की प्रबंध इथेच बसून वाचावेत, छायाप्रत काढू नये. वाचायला तरी कोण येणार? महिन्याकाठी दोनचार विद्यार्थी, तेही मागच्यांनी संदर्भयादी कशी लावली ते बघायला. बाकी दिवस किल्लीबाई कपाटं उघडत, कसर लागली का बघत, पुन्हा बंद करत. एकवीस वर्षं.

एक दिवस पठारावरच्या एका गावातून प्राथमिक शाळेच्या शिक्षिका आल्या. सात तासांचा बसचा प्रवास करून. त्यांना एकच प्रबंध हवा होता. तीस वर्षांपूर्वी एका मुलीने पठारावरच्या अडतीस विहिरींचं पाणी तपासून लिहिलेला. गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं, की कुणी एक पोरगी बाटल्या घेऊन आली होती. त्या आठवणीवरून बाई इथवर पोचल्या होत्या.

तीन दिवस त्या टेबलाशी बसून तक्ते हाताने उतरवून घेत होत्या. तिसऱ्या दिवशी किल्लीबाईंना राहवलं नाही.

"एवढं काय आहे हो त्यात?"

"माझ्या वर्गात एकतीस मुलं आहेत," शिक्षिका म्हणाल्या. "एकोणीस जणांचे दात तपकिरी. हसताना तोंडावर हात धरतात. मोठ्या माणसांचे गुडघे वाकलेत. पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याने होतं. तुमच्या या पुस्तकात आमच्या विहिरींचे आकडे आहेत. कुणीतरी शोधून ठेवलं होतं, आणि आम्ही तीस वर्षं तेच पाणी पितोय."

त्या दुपारी किल्लीबाईंनी डबा उघडला आणि तसाच समोर ठेवला. मला म्हणाल्या, "मी एकवीस वर्षं राखलं काय हो? कुलूप."

विद्यापीठाने आधीच्या वर्षी संगणकावर एक खुलं भांडार सुरू केलं होतं. जगातल्या कुणालाही आपलं संशोधन घरबसल्या, फुकट वाचता यावं म्हणून. उद्घाटन झोकात झालं. आत होतं काय, तर कुलगुरूंची तीन भाषणं आणि एका स्नेहसंमेलनाचा फोटो. किल्लीबाई थेट ग्रंथपालांकडे गेल्या आणि म्हणाल्या, की प्रबंध तिथे ठेवू या.

ग्रंथपाल वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. "उद्या कुणी चोरलं म्हणजे?"

"आज कुणी वाचतच नाही, ते चालतं का सर?"

"प्रत्येक लेखकाची लेखी संमती लागेल. सही नसेल, तर एक पानसुद्धा वर चढणार नाही."

कपाटांत चारशे बारा प्रबंध होते. ग्रंथपालांना वाटलं, विषय मिटला. किल्लीबाई म्हणाल्या, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी नोंदवही घेऊन पत्ते उतरवायला बसल्या.

त्यांचे यजमान बसचे निवृत्त कंडक्टर. कुठलं गाव कुठल्या रस्त्याला लागतं, हे त्यांना तोंडपाठ. जेवणाच्या टेबलावर त्यांनी मार्गांप्रमाणे पाकिटांच्या चळती लावल्या, आणि डिंक सुकेपर्यंत तिथे ताट ठेवायचं नाही असा नियम काढला. चारशे बारा पत्रं गेली. दीडशेच्या वर परत आली. माणसं घरं बदलून गेली होती, काही तर जगातूनच गेली होती. मग किल्लीबाईंनी फोन धरला. जुने विभागप्रमुख, सहाध्यायी, भाडेकरू, जावई, कुणाला म्हणून सोडलं नाही. एका दिवंगत गणितज्ञाच्या पत्नीने सहीबरोबर नवऱ्याचा टंकलेखन यंत्रापुढे बसलेला फोटो पाठवला आणि लिहिलं, "यातलं एक अक्षर मला कधी कळलं नाही, पण टाइप मीच केलंय."

एका निवृत्त प्राध्यापकांनी मात्र साफ नकार दिला. किल्लीबाईंनी कारण विचारलं. 

"बाई," ते म्हणाले, "त्यातली तीन प्रकरणं माझी नाहीत."

किल्लीबाईंनी वहीत 'संमती नाही' एवढंच लिहिलं. नाव त्यांनी मलाही सांगितलं नाही, आणि मी काही कमी खोदलं नव्हतं.

ज्या प्रबंधापायी हे सगळं सुरू झालं, त्याच्या लेखिकेचं एका ओळीचं कार्ड आलं. 'त्याचं काही करू नये.' किल्लीबाईंनी रजा टाकली आणि पत्ता शोधत गेल्या.

त्या बाई साबणाच्या कारखान्यात होत्या. प्रत्येक घाण्याचा नमुना तपासून पास-नापास ठरवायच्या. प्रयोगशाळेच्या दारातच त्या म्हणाल्या, "कार्ड मिळालं ना तुम्हाला?"

"मिळालं. म्हणूनच आले."

अखेर स्टुलावर बसवलं त्यांनी. हळूहळू बोलत्या झाल्या. पदवी मिळाल्यावर त्यांनी आरोग्य खात्याला पत्रं लिहिली होती. उत्तर नाही. मार्गदर्शक म्हणाले, पदवी झाली, आता पुरे. मग त्या स्वतःच एका गावात जाऊन सांगून आल्या, की हे पाणी पिऊ नका.

"लोकांनी विचारलं, मग काय पिऊ? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आकडा सांगितला आणि परत आले. तेव्हापासून त्या वाटेला गेले नाही."

"उत्तर तुमच्याजवळ नव्हतं," किल्लीबाई म्हणाल्या. "आज दुसऱ्या कुणाजवळ असेल. पण आकडाच कपाटात बसला, तर त्याला कळणार कसं?"

लेखिकेने हातमोजे काढले, संमतीपत्र दोनदा वाचलं आणि सही केली.

चौदा महिन्यांत दोनशे त्रेचाळीस सह्या जमल्या. परीक्षा विभागाने टाकून दिलेला स्कॅनर किल्लीबाईंनी मागून आणला. जाड बांधणीची पुस्तकं त्यावर सपाट बसेनात, म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरत. शाई उडालेली पानं दुपारच्या सुट्टीत बसून पुन्हा टाइप केली. त्यातली चाळीसेक मी केली, हे मुद्दाम सांगतो. शेवटी सगळं भांडारात चढलं. हाताने उतरवलेल्या आकड्यांवर गावात कुणी विश्वास ठेवला नव्हता, म्हणून शिक्षिकेला कळवल्यावर त्यांनी अख्खा प्रबंध छापून घेतला आणि गावात बैठक बोलावली. प्रबंधाच्या तक्त्यात गावाच्या पिण्याच्या विहिरी वाईट होत्या, शाळेजवळची फारशी वापरात नसलेली सतरा नंबरचीही वाईट होती आणि टेकडीपलीकडची अठरा नंबरची तेवढी चांगली. मुलं अठरा नंबरचं पाणी पिऊ लागली.

दोन महिन्यांनी एका दूरच्या देशातून भूगर्भशास्त्रज्ञाचं पत्र आलं. त्याने प्रबंध वाचला होता. त्याचं म्हणणं असं, की याच प्रबंधात सतरा नंबरची विहीर काळ्या खडकात आणि अठरा नंबरची ग्रॅनाइटमध्ये दाखवली आहे. फ्लोराइड बहुधा ग्रॅनाइटमध्ये जास्त सापडतं. तक्त्यात उलटं आहे. दोन बाटल्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?

ग्रंथपालांच्या कपाळावर घाम. "मी म्हणत होतो. विद्यापीठाची शोभा. आत्ताच्या आत्ता खाली उतरवा तो प्रबंध."

"उतरवला तर चूक दुरुस्त होईल?" किल्लीबाईंनी विचारलं. "सर, मुलं ते पाणी पिताहेत."

त्यांनी ग्रंथपालांसमोरच शिक्षिकेला फोन लावला आणि अठराचं पाणी थांबवायला सांगितलं. मग लेखिकेला लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "पठारावर जायला सकाळची बस किती वाजता?"

किल्लीबाई त्यांच्याबरोबर गेल्या. लेखिका तीस वर्षांनी त्या विहिरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही विहिरींचं पाणी नळ्यांमध्ये घेतलं आणि त्यात रसायनाचे थेंब टाकले. सतराच्या नळीत गुलाबी रंग टिकला. अठराच्या नळीत तो पिवळा पडला, म्हणजे जास्त फ्लोराइड तिथेच होतं. गावकरी भोवती उभे होते. त्यांनी नळी वर धरली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. तुमच्या मुलांना मी वाईट पाणी पाजलं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "तीस वर्षांनी का होईना, आलीस तरी. आता सतराचं पाणी भरायचं का, तेवढं नीट सांग."

"भरायचं," लेखिका म्हणाल्या. "आणि उरलेल्या छत्तीसही मी पुन्हा तपासणार आहे. तोवर माझ्या तक्त्यावर विसंबू नका."

परत येऊन किल्लीबाईंनी प्रबंध खाली उतरवला नाही. त्याला दुरुस्तीचं पान जोडलं, सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत. ते पान लेखिकेने लिहिलं. ग्रंथपालांनी ते तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि खाली स्वतःची सहीही केली. तसं करायची काही गरज नव्हती.

पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने आधी शिक्षिकेला जुने आकडे म्हणून वाटेला लावलं होतं. आता नवे आकडे होते, खडकांचा नकाशा होता आणि परदेशातून आलेलं पत्र होतं. त्याला यावं लागलं. अठरा नंबरच्या विहिरीवर लाल पट्टा रंगवला गेला. पुढच्या वर्षी सतरावर टाकी बसली आणि गावात नि शाळेपर्यंत नळ गेला. मोठ्या मुलांचे दात होते तसेच राहिले, ते काही बदलणार नव्हते. पहिलीत नव्याने येणाऱ्यांचं वेगळं होईल, असं शिक्षिकेने कळवलं. त्यासाठी त्यांनी एक वहीच घातली आहे.

लेखिका साबणाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्या. दर पंधरा दिवसांनी त्या पठारावर जातात, दोन-तीन विहिरी करतात, आणि आकडे त्याच आठवड्यात भांडारात येतात. आतापर्यंत छत्तीसपैकी बावीस झाल्या. त्यांत आणखी एक चूक निघाली, तीही त्यांनी स्वतः कळवली.

किल्लीबाईंच्या निवृत्तीला आता सात महिने आहेत. सह्या न मिळालेले एकशे एकोणसत्तर प्रबंध अजून कपाटात आहेत. परवा डबा खाताना त्या कानाला फोन लावून कुणाच्या तरी पुतण्याला विचारत होत्या, "काकांची धाकटी मुलगी कुठे दिली? बरं, तिच्या सासरचा नंबर द्या." नंबर वहीत उतरवला आणि मला खुणेने म्हणाल्या, भाजी घ्या तुम्ही, माझं चालू आहे.